रेश्माच्या पत्रिकेतली चूक

३ मार्च, सोमवार

कंपनीने नगरची सर्व्हिस शाखा बंद करून आज सात महिने झाले. शाखेत आम्ही तिघे होतो. एकाने भेळेची गाडी टाकली, एक पुण्याला गेला, आणि मी सल्लागार झालो. तिघांत चुकीचा निर्णय कुणाचा, याबद्दल बायकोचं, म्हणजे राजेश्वरीचं मत ठाम आहे. भेळ आणायला ती मुद्दाम त्याच गाडीवर जाते.

कंपनीत रोज संध्याकाळी अहवाल लिहावा लागे. सव्वीस वर्षांची सवय एकदम सुटत नाही, म्हणून ही वही. आता वाचणारा साहेब नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

तर खरं असं, की ‘स्वतंत्र संगणक सल्लागार’ या माणसाला सात महिन्यांत एकानेही सल्ला मागितलेला नाही. लोक मला बोलावतात ते तक्रार सांगायला. या जिल्ह्यात माणूस चूक करतच नाही, जे काही होतं ते कॉम्प्युटर करतो. टायरवाल्याने एका ट्रकचे टायर दुसऱ्या ट्रकवाल्याला दिले, कॉम्प्युटरनं केलं. दातांच्या डॉक्टरांनी एकाच वेळेला दोन पेशंट बोलावले, कॉम्प्युटरनं केलं. मी जातो, मशीन उघडतो, पुसतो, बंद करतो. मशीन निर्दोष असतं. पण तसं सांगितलं की चहा येत नाही. ‘होता थोडा प्रॉब्लेम’ म्हटलं की चहाबरोबर खारीही येते.

गिऱ्हाईकं चौदा. त्यातली अकरा केडगावच्या चांदभाईंनी शब्द टाकून मिळवून दिलेली. चांदभाईंचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. त्यांनी उद्या शब्द मागे घेतला, तर परवा मी भेळेत चिंच कालवत असेन.

७ मार्च, शुक्रवार

जामखेडला जाऊन आलो. मोटरसायकलवर पाठ मोडली. तिथल्या कृषी सेवा केंद्राच्या आबासाहेबांचा फोन होता, “दर शुक्रवारी बंद पडतंय. बाहेरचं काहीतरी असंल.”

होतंच बाहेरचं. उदबत्तीची राख. रोज सकाळी मशीनच्या जाळीपुढे उदबत्ती, आणि शुक्रवारी धूप. आतला पंखा वर्षभर तो धूर ओढतोय. दमा झाला नसता तर नवल.

म्हटलं, “आबासाहेब, पूजा करा, पण मागच्या बाजूनं.”

“देवाची पूजा पाठमोरी करत्यात व्हय?” ते म्हणाले.

तासभर चर्चा झाली. शेवटी पडदा हा तोंडाचा भाग आहे, आणि पूजा तोंडाची करतात, यावर एकमत झालं. उदबत्ती पडद्यापुढे गेली. सव्वीस वर्षांच्या अनुभवाचा उपयोग झाला.

११ मार्च, मंगळवार

आज चांदभाईंकडे दिवसभर. त्यांचं मशीन इतकं मंद झालंय की चालू करून चांदभाई नमाजाला जातात आणि परत येईपर्यंत ते जागं होत असतं. सध्या रोजे आहेत, त्यामुळे चहा नाही. तरी माझ्यासाठी त्यांनी समोरून मागवला आणि मी पिऊन होईपर्यंत कागद मोजत पाठ करून बसले.

माणूस बासष्ट वर्षांचा. छपाईत एकतीस वर्षं. पूर्वी शिशाचे खिळे जुळवायचे, आता दोन बोटांनी टंकतात. प्रूफ मात्र अजून भिंगाने तपासतात. एकतीस वर्षांत एक नाव चुकलेलं नाही, असं ते स्वतः सांगत नाहीत, गाव सांगतं.

आणि नाव चुकणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या लग्नात गेलेल्याला सांगायला नको. नवरा-नवरीचं नाव बारीक असलं तरी चालतं. खरी पत्रिका खाली सुरू होते. निमंत्रक कोण, आपले विनीत कोण, व्यवस्थापक कोण, चेअरमन वर की माजी सरपंच वर, आत्याचे यजमान कुठल्या रांगेत, आणि तळाला ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली. एक नाव राहिलं तर ते घर जेवायला येत नाही. एक नाव जास्तीचं पडलं तर दुसरं घर येत नाही. म्हणून थोरलीच्या लग्नाची यादी धाकटीला वापरतात. एकदा भांडून ठरलेली यादी परत कोण भांडून ठरवेल? तालुक्यातल्या कुठल्या घराचं कुणाशी जमतं, हे तलाठ्यापेक्षा चांदभाईंच्या मशीनला जास्त माहीत.

पण मांडणी? एकेका पत्रिकेच्या सात-सात फायली. ‘फायनल’, मग दुसऱ्या कप्प्यात परत ‘फायनल’, तिसऱ्यात परत. मी एक सोय बसवली. एकाच नावाच्या फायली हुडकायच्या, सगळ्यांत जुनी म्हणजे मूळ, ती ठेवायची, बाकीच्या नकला पुसायच्या.

चांदभाई म्हणाले, “साहेब, जुनं-नवं काही काढू नका. कधी काय लागेल सांगता येत नाही.”

मी हसलो. असं सगळेच म्हणतात. माळ्यावरचे फुटके माठसुद्धा लोक याच कारणाने ठेवतात. साडेनऊ हजार फायली गेल्या. पुसलेल्या फायलींची टोपलीही रिकामी केली. मशीन आता चांदभाई खुर्चीत बसायच्या आत चालू होतं. ते जरा दचकले.

१९ मार्च, बुधवार

छापखान्यात प्रिंटर जोडायला गेलो असताना एक जोडपं आलं. पारनेर रस्त्यावरच्या एका वाडीतले श्रीमंतराव आणि त्यांच्या पत्नी भीमाबाई. धाकट्या मुलीचं, रेश्माचं लग्न आहे, अक्षय्य तृतीयेला. श्रीमंतराव कांदा काढणी अर्धी टाकून आलेले, त्यामुळे बसायलाच तयार नव्हते.

“थोरलीच्या पत्रिकेतली नावं तशीच ठिवा,” ते म्हणाले. “फकस्त नवरा-नवरी बदला.”

“आणि तारीख,” चांदभाई म्हणाले.

“तारीख बी बदला. बाकी कायबी हलवायचं न्हाई.” मग दारात जाऊन परत आले. “त्याचं नाव काढल्यालंच हाय ना?”

“छापलेल्या पत्रिकेत नव्हतं,” चांदभाई म्हणाले.

तो म्हणजे कोण, ते गेल्यावर चांदभाईंनी सांगितलं. श्रीमंतरावांचा सख्खा धाकटा भाऊ, अजिनाथ. चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ग्रामपंचायतीला श्रीमंतराव एका पॅनेलमध्ये उभे राहिले, अजिनाथ दुसऱ्या. अजिनाथ अकरा मतांनी आले. गुलालाची मिरवणूक थोरल्याच्या दारावरून गेली आणि जरा जास्त वेळ गेली. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. घरं एका बांधाच्या अल्याड-पल्याड. पुढच्याच महिन्यात थोरलीचं लग्न झालं, ते काकाशिवाय.

भीमाबाई सगळा वेळ गप्प होत्या. साधी बाई. नमुन्याच्या पत्रिका उलट्यापालट्या करून त्यावरचे गणपती बघत होत्या.

२६ मार्च, बुधवार

आज भीमाबाई एकट्याच प्रूफ बघायला आल्या. श्रीमंतराव मळ्यात. चांदभाईंनी आधी भिंगातून स्वतः तपासलं, खालपर्यंत गेले, परत वर आले, भिंग पुसलं, परत बघितलं. उपासाने डोळ्यांवर ताण येत असणार. मग कागद बाईंपुढे सरकवला.

बाई बोट ठेवून वाचायला लागल्या. निमंत्रकाच्या ओळीवर बोट आलं आणि तिथेच राहिलं. मला वाईट वाटलं. वाचता येत नसावं, आणि चारचौघांत सांगायची लाज. मी नजर दुसरीकडे वळवली.

“भाई,” त्यांनी विचारलं, “हे आत जसं हुतं तसंच आलंय का?”

“जसं होतं तसंच.”

मग माझ्याकडे वळल्या. “साहेब, कॉम्प्युटर चुकत न्हाई ना?”

सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला सल्ला विचारला होता. मी नीट समजावून सांगितलं. यंत्र कधीच चुकत नाही, त्यात जे असतं तेच ते देतं.

“आन चुकलंच, तर कुनाची चूक धरायची?”

“माझी,” मी म्हणालो. “या मशीनची सगळी जबाबदारी माझी आहे. खुशाल माझं नाव सांगा.”

चांदभाईंना खोकला आला. रोजा असल्यामुळे पाणीही पिता येईना.

“मग छापा,” बाई म्हणाल्या. प्रूफवर सही करायची चांदभाईंची पद्धत आहे. त्यांनी पूर्ण नाव लिहून, वळणदार अक्षरात सही केली. साक्षरतेच्या वर्गात सही तेवढी घोटून घेतात, त्यातलं दिसतं.

जाताना उगीचच म्हणाल्या, “रेश्माला सायकल तिच्या काकानं शिकिवली. चार वरसं झाली, बांधावरनं नुसती बघती त्यांच्याकडं.” कुणाला उद्देशून म्हणाल्या कळलं नाही. आम्ही दोघेही कामात होतो.

१ एप्रिल, मंगळवार

काल ईद. चांदभाईंकडून शीरखुर्म्याचा डबा. राजेश्वरीने मला अर्धी वाटी दिली आणि माझ्या साखरेच्या रिपोर्टची आठवण काढली. तिच्या वाटीला रिपोर्ट लागू नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

झालं ते लिहितो.

दुपारी चांदभाईंचा फोन. रेश्माच्या सातशे पत्रिका बुधवारी गेल्या, तीनशे वाटून झाल्या. आज श्रीमंतराव देवळापाशी गेले तर चार माणसांनी पाठीवर हात ठेवला, “बरं केलंस, भावाचं नाव घातलंस.” त्यांनी पत्रिका वाचली. निमंत्रक, श्री. अजिनाथ. पहिल्याच ओळीत, ठळक.

मी तसाच केडगावला गेलो. मशीन उघडलं. थोरलीच्या पत्रिकेची एकच फाईल शिल्लक. सगळ्यांत जुनी. मूळ. भांडणाच्या आधी कधीतरी केलेली असणार, काकाच्या नावासकट. नाव काढलेली फाईल मीच पुसली होती, ती ‘नक्कल’ म्हणून.

चांदभाईंच्या एकतीस वर्षांना मी एका दुपारी डाग लावला. ते मला एक शब्दही बोलले नाहीत, हे जास्त लागलं. लग्नघर उद्या येणार आहे.

मी म्हणालो, “पण त्या बाईंनी वाचून सही केली होती. म्हणजे वाचता येत नसताना.”

“भीमाबाई?” चांदभाई म्हणाले. “बचत गटाच्या सचिव आहेत. बारा वर्षं इतिवृत्त लिहितात.”

आणि तरी निमंत्रकाचं नाव नजरेतून सुटलं. त्या गटाची मला काळजी वाटते.

राजेश्वरीला सगळं सांगितलं. ती लाटणं हातात धरून ऐकत होती. सगळं ऐकल्यावर म्हणाली, “बाईनं बोट कुठल्या ओळीवर ठेवलं होतं म्हणालात?” सांगितलं. ती पोळ्या लाटायला लागली. नवरा बुडायला आला तरी हिला तपशिलाची हौस.

५ एप्रिल, शनिवार

श्रीमंतराव पिशवीभर उरलेल्या पत्रिका घेऊन आले. मागे भीमाबाई. पिशवी टेबलावर आपटली.

“कुनी घातलं हे नाव?”

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. नकला, मूळ फाईल, टोपली. त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, “तुमाला दुसरा धंदा न्हाई का?”

“हाच नवीन आहे,” मी म्हणालो.

“परत छापा. सगळ्या.”

मी म्हणालो, माझ्या खर्चाने छापतो. शिवाय एक सोपा उपायही सुचवला, त्या नावावर पांढरी चिकटपट्टी.

चांदभाई पहिल्यांदा बोलले. “साहेब, पट्टी लावली की लोक आधी तीच खरवडतात. खाली कोण आहे बघायला. वर कुणाचं लग्न आहे, ते नंतर.”

“मग परत छापा,” श्रीमंतराव म्हणाले.

“छापा की,” भीमाबाई म्हणाल्या. “पर पयली पत्रिका खंडोबाम्होरं ठेवलीय. बुधवारीच ठेवून आले.”

“मग दुसरी ठेव.”

“देवाला एकदा भावजींच्या नावानं आवतन दिलं. आता तेला काय सांगू? ते खोटं हुतं, हे घे खरं?”

श्रीमंतरावांनी टोपी काढली, परत घातली. “मला न इचारता ठेवलीस कशाला?”

“पयली देवाची आसती. इचारायचं काय त्यात? तुमी मळ्यात हुता.”

बाहेर पुणे रस्त्यावरून ट्रक जात होते आणि टेबलावरचं भिंग हलत होतं.

“चूक ह्या साहेबांची हाय,” भीमाबाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. “तेंनी सोता सांगितलंतं, जबाबदारी माझी म्हनून. तुमच्याकडं कोन बोट दावनार न्हाई.”

इतकी निष्ठुर बाई मी पाहिली नाही.

“ऱ्हाऊ द्या मग,” श्रीमंतराव म्हणाले. “कुनी इचारलं तर मी सांगनार, कॉम्प्युटरनं केलं. आन त्यो काय येत न्हाई. आला तरी मी बोलनार न्हाई.” पिशवी उचलून ते टेम्पोत जाऊन बसले.

बाई मागे राहिल्या. पदराआडून एक पत्रिका काढून त्यांनी कोपऱ्याला हळद-कुंकू लावलं आणि माझ्या हातात दिली. “भावजींची. ह्यांनी न्यायची न्हाई म्हनलंय. मी नेली तर म्हनत्याल समदं हिनंच केलं. साहेब, चूक तुमची, तुमीच नेऊन द्या.”

जखमेवर मीठ म्हणतात ते हे.

“नाही आले तर?” मी विचारलं.

“न आले तर थोरलीवानी हीबी जाईल,” त्या म्हणाल्या. “काका असून नसल्यावानी.” आणि पदर नीट करून निघाल्या.

८ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस अहवाल लिहिण्यात गेले. कंपनीचा नियम होता, बिघाड झाला की तारखेनिशी अहवाल. काय झालं, का झालं, कधी झालं. दोन पानं झाली. चांदभाईंच्या कामाच्या वहीतून तारखा ताडून घेतल्या. पत्रिका आणि अहवाल घेऊन आज वाडीवर गेलो.

अजिनाथ गोठ्यापुढे फवारणीचा पंप दुरुस्त करत होते. भावासारखाच चेहरा, फक्त मिशी जास्त. पत्रिका घेतली नाही. “कुनी पाठिवलं?”

“चूक झाली आहे,” मी म्हणालो. “तुमचं नाव न विचारता छापलं गेलं. माफी मागायला आलोय.”

“दादानं घातलं न्हाई?”

“नाही. त्यांनी तर नाव नको म्हणून सांगितलं होतं.” मी अहवालाचा पहिला मुद्दा वाचून दाखवला.

ते उठले. हात पुसले. “म्हंजी मशीनीची चूक. मग घिऊन जा पत्रिका. मशीनीच्या आवतनावर मी जेवायला जात न्हाई.”

त्यांचा मुद्दा बरोबर होता. पण अहवाल अर्धवट वाचायची मला सवय नाही. मी दुसरा मुद्दा घेतला. “सदर नाव असलेली मूळ फाईल २२ जानेवारी रोजी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी तयार झाली. नाव वगळून छपाई ९ फेब्रुवारी रोजी.”

“थांबा,” ते म्हणाले. “कवाची म्हनला?”

“बावीस जानेवारी. थोरलीच्या लग्नाचं साल.”

“निकाल अठराला लागला.”

ते मला माहीत नव्हतं. मी पेन काढून अहवालात भर घातली.

“परत वाचा,” ते म्हणाले.

परत वाचलं. त्यांनी विचारलं, तारीख मागाहून कुणी बदलली असेल का. मी म्हणालो, ती मशीन स्वतः घालतं, कुणी सांगून घालत नाही. आणि नावांची यादी दिली कुणी, तेही विचारलं. म्हटलं, चांदभाईंच्या वहीत आहे, श्रीमंतराव स्वतः येऊन देऊन गेले.

“म्हंजी गुलालानंतर,” ते म्हणाले. “चार दिसांनी. तवा बी दादानं माझं नाव दिलं.”

“पहिलंच. ठळक अक्षरात.”

ते बोटांवर मोजायला लागले. बावीस ते नऊ. “अठरा दिस नाव हुतं.”

“हो, साधारण.”

“आन म्या अठरा दिसांत बांध वलांडला न्हाई.” ते पंपाकडे बघून म्हणाले. “मला वाटलं गुलाल बघून लगीच काढलं आसंल.”

पंपाचा वायसर गेला होता, मी बसवून दिला. पत्रिका तिथेच खाटेवर राहिली, त्यांनी ना म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. अहवालाची प्रत मात्र मागून घेतली. तांत्रिक बाबींत एवढा रस घेणारा माणूस या धंद्यात मला प्रथमच भेटला.

मोहीम मात्र फसली असं समजतो.

१५ एप्रिल, मंगळवार

अशी चूक परत होऊ नये म्हणून नवी व्यवस्था तयार केली. प्रत्येक पत्रिकेची शेवटची, सही झालेली प्रतच उघडेल, बाकी कुलपात. जुनं नाव चुकूनही वर येणार नाही. चांदभाईंना दाखवली. त्यांनी भिंगातून पडदा पाहिला, ज्याची काही गरज नव्हती, आणि म्हणाले, “चांगली आहे. टायरवाल्याला द्या.”

“तुमच्यासाठी केलीय.”

“मला घाई नाही.”

माणसाला एकदा पोळलं की कॉम्प्युटरची भीती बसते. समजू शकतो. पण त्यांनी मला काढलेलंही नाही. उलट काल एका दूध संकलन केंद्रवाल्याला माझा नंबर दिला. “हेच ते, ज्यांनी पत्रिकेत नाव छापलं,” असं सांगून. ही शिफारस की बदनामी, मी ठरवू शकलो नाही. गिऱ्हाईक मात्र मिळालं.

राजेश्वरी म्हणाली, लग्नाला जाऊ. मी म्हणालो, मार खायला? ती म्हणाली, “मी आहे ना बरोबर. मला बघायचंय त्या बाईंना.” बायकांचं काही कळत नाही. साडीही काढून ठेवली.

३० एप्रिल, बुधवार

वाडीवरून आत्ताच आलो. ऊन इतकं की मोटरसायकलची सीट हाताला भाजत होती.

आम्ही मुद्दाम लवकर गेलो, म्हणजे कुणी ओळखायच्या आत अक्षता टाकून निघता येईल. मांडवाच्या दाराशी दोन माणसं पाहुण्यांना हात जोडत उभी. एका बाजूला श्रीमंतराव, फेटा बांधून. दुसऱ्या बाजूला अजिनाथ. त्यांनाही फेटा. पत्रिकेत निमंत्रक म्हणून ज्याचं नाव, त्याने दाराशी उभं राहून ‘या, बसा’ करायचं असतं. ते पहाटेच येऊन आपल्या जागेवर उभे राहिले म्हणे. कुणी बोलावलं नाही, कुणी हाकललं नाही. फेटे बांधणाऱ्याला कुणीतरी सांगितलं असावं, तो आपला आला आणि बांधून गेला. भीमाबाई मांडवभर फिरत होत्या, पण दाराकडे एकदाही फिरकल्या नाहीत.

पाहुणा आला की दोघे एकदम हात जोडायचे. पाहुणा आत गेला की दोघे विरुद्ध दिशांना बघायचे. असं अर्धा तास मी पाहिलं. मग अजिनाथ रस्त्याकडे बघत म्हणाले, “दादा, टँकर आला न्हाई आजून.”

श्रीमंतरावांनी पुढच्या पाहुण्यांना हात जोडले. दोन पाहुणे आत गेले.

“फोन लाव की मग,” ते म्हणाले.

“लावलाता. उचलत न्हाई.”

“माझ्यावरनं लाव.” आणि खिशातून मोबाईल काढून भावाच्या हातात दिला, त्याच्याकडे न बघता.

टँकर पाऊण तासाने आला. तोवर ते दोघे टँकरवाल्याला मिळून शिव्या देत होते. चार वर्षांच्या शिव्या त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला एका दिवसात मिळाल्या.

लग्न लागलं. रेश्मा काकाच्या पाया पडायला गेली, तर तो माणूस दोन पावलं मागे सरकला. ती तिथेच थांबली, मग तोच पुढे आला. बायकांच्या बाजूला राजेश्वरी आणि भीमाबाई शेजारी शेजारी उभ्या होत्या, जन्माची ओळख असल्यासारख्या. दोघी काहीतरी बोलल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. मी एका मोठ्या फेट्याच्या मागे गेलो.

पंगतीत एक अनोळखी गृहस्थ शेजारी येऊन बसले. बुंदी वाढून झाल्यावर हळूच म्हणाले, “साहेब, आमचं कार्य दिवाळीनंतर हाय. आमच्या मेव्हन्याचं नाव जुन्या पत्रिकेत हुतं. तुमी भाईंचं मशीन आनखी एकदा साफ करनार का?”

मी त्यांना आश्वासन दिलं की नव्या व्यवस्थेत अशी चूक होणं अशक्य आहे. त्यांचा चेहरा पडला. उरलेलं जेवण त्यांनी दुसऱ्या बाजूच्या माणसाशी बोलत केलं.

हात धुवायला गेलो तिथे श्रीमंतरावांनी गाठलं. म्हटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

“तुमी अजिनाथला तारखा सांगितल्या म्हनं.”

“अहवालात होत्या,” मी म्हणालो. “चुकल्या असतील तर दुरुस्त करतो.”

“न्हाई,” ते म्हणाले. “बरोबर हायती.” निघाले, परत वळले. “माझ्याबी ध्येनात ऱ्हायलं नव्हतं, की आधी दिलंतं.” फेट्याचा शेमला घेऊन त्यांनी डोळे पुसले आणि टँकरकडे निघून गेले.

मांडवात ते पाण्याचा फवारा मारणारे मोठे पंखे लावले होते. त्याचं पाणी डोळ्यांत जातं, वयस्कर माणसांना त्रास होतो. परत येताना राजेश्वरीला तसं म्हणालो.

ती मागे बसली होती. केडगावचा चौक आल्यावर म्हणाली, “पंखे सगळे बायकांच्या बाजूला होते.”

असतील. मी मोजले नव्हते.